आधी सावली, मग मलम

परवा तू सोप्यात बसून बाळाला पाजत होतीस आणि मी समोर नाचणी निवडत होते. दारातला उजेड तुझ्या डाव्या गालावर आला, तसा तू पदर पुढं ओढलास. नंतर पिशवीतून बाळाची दुपटी काढताना मलमाची एक ट्यूब खाली पडली, मधोमध दाबून चपटी झालेली. घरात पाहुणे होते म्हणून मी काही विचारलं नाही. तू सासरी गेलीस आणि मला दोन रात्री झोप नाही. फोनवर सांगितलेलं अर्धं वाऱ्यावर जातं, म्हणून लिहून पाठवते. सावकाश वाच.

दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर जे तपकिरी उमटलंय, तो वांग. दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच येतो, ही त्याची खूण. खाज नाही, आग नाही, खवला नाही. आयुर्वेदात त्याला व्यंग म्हणतात आणि तिथं राग आणि अतिश्रम यांना दोष दिलाय. रागाचं मला ठाऊक नाही, पण आपल्याकडच्या बायकांचे श्रम उन्हातच होतात, तेव्हा त्या जुन्या वैद्यांनी काहीतरी पाहिलं असणार. एक पहिल्यांदा मनातून काढून टाक. वांग शिवाशिवीनं होत नाही, रक्त बिघडल्यानं होत नाही, बाळंतपणात काही खाल्लं न खाल्ल्यानं होत नाही. बाळाला तो तुझ्याकडून चिकटणार नाही. तुझ्या आजीला होता, मला होता, तुझ्या आईलाही थोडा होता. नाकाडोळ्याची ठेवण घराण्यातून येते, तशी वांगाची ओढही येते.

कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात त्यांची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कसा रंग बनवतात यात. ऊन लागलं की आतल्या पेशींवर छत्री धरावी तसा त्या रंग पसरतात. हे त्यांचं राखणीचं काम आहे. आपल्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाहिलेत ना, पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात. वांग आलेल्या कातडीतले दरवाजे जरा लवकर उघडतात. इतर बाईला काही होत नाही एवढ्या उजेडानंही तिथं रंग सांडतो. गर्भारपणात अंगातली स्त्रीसंप्रेरकं वाढतात, त्यानं ती पातळी आणखी खाली येते. म्हणून तुला सातव्या महिन्यात दिसायला लागला. वरच्या थरातला रंग कातडी नवी होईल तसा निघून जातो, आणि त्या नवं होण्याला साधारण महिना लागतो. काही रंग मात्र खालच्या थरात झिरपतो. तो तिथं मुरून बसतो आणि फार सावकाश हलतो. आठ दिवसांत वांग घालवतो म्हणणारा माणूस म्हणूनच खोटं बोलतोय, हे तू न तपासता समज. खऱ्या उपचारातही पहिला फरक दिसायला दोन-तीन महिने जातात.

मी सांगणार आहे त्यातलं निम्म्याहून अधिक घाईबद्दल आहे. वांगानं जेवढे चेहरे बिघडलेले पाहिले, त्याहून अधिक मी वांग घालवायच्या घाईनं बिघडलेले पाहिलेत. त्यात माझाही होता.

माझ्या आईचं आधी सांगते. थोरला झाला तेव्हा मला वांग आला. आईनं सहाणेवर दुधात जायफळ उगाळून महिनाभर लावलं आणि वांग फिकट झाला. पुढं वीस वर्षं मी जायफळाचे गोडवे गायले, गावोगाव बायकांना सांगितलं. नोकरीत शिकत गेले तसं एक दिवस लक्षात आलं की त्या महिन्यात आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. मी सव्वा महिना बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत होते, कपाळाला उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती, आणि बाळंतपणानंतर अंगातली संप्रेरकं आपोआप खाली येत होती. काम केलं सावलीनं आणि शरीरानं, श्रेय मिळालं जायफळाला. जायफळ वाईट नाही. पण काहींच्या कातडीला ते चावतं, चावलं की तिथं दाह होतो आणि दाहाचा डाग वांगावर चढतो. आईनं दिलेलं सोडवत नाही, मला कळतं. लावायचंच असेल तर आधी कानामागं दोन दिवस लावून बघ. लिंबू मात्र चेहऱ्याला कधीच नाही. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखा फोड येतो आणि मागं काळा डाग राहतो. खायचा सोडा, टूथपेस्ट, पार्लरचं ब्लीच, सगळं त्याच पंगतीतलं. आणि बिब्बा! एका वस्तीवर एका बाईनं गालाला बिब्ब्याचं तेल लावलेलं मी पाहिलं. वांग होता रुपयाएवढा, भाजल्याचा डाग झाला तळव्याएवढा.

आता ट्यूबचं. हे मी आजवर तुझ्या काकांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं.

धाकटी झाल्यावर वांग परत आला, आणि या वेळी सव्वा महिना घरात बसायला नोकरी देत नव्हती. लसीकरणाची पेटी खांद्याला लावून मी धनगरवाड्यांवर चढायची, सकाळी निघाले की दुपार डोक्यावर यायची. ओळखीच्या एका बाईनं एक ट्यूब दिली. दहा दिवसांत चेहरा उजळला. इतका, की रस्त्यात लोक थांबवून विचारत. मी आरोग्यसेविका, औषधाच्या चिठ्ठ्या वाचणारी, आणि त्या खोक्यावरची बारीक अक्षरं मी वाचली नाहीत. सात-आठ महिने लावत राहिले. मग गाल लाल दिसू लागले, चुलीपुढं गेलं की आग व्हायची, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आणि आतल्या बारीक शिरा दिसायला लागल्या. हनुवटीवर लव वाढली, गालांवर पुळ्या आल्या. घाबरून ट्यूब बंद केली तर चार दिवसांत चेहरा सुजून पेटला. पुन्हा लावली की शांत. बंद केली की पेटायचा. या चक्रातून बाहेर पडायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली, कोल्हापूरला त्वचेच्या डॉक्टरांकडं खेपा घालून. आणि वांग? तो पहिल्यापेक्षा गडद होऊन परत आला होता.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड हे औषध म्हणून मोलाचं आहे, इसबाला, सोरायसिसला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण चेहऱ्याची कातडी पातळ, तिथं ते झटक्यात शोषलं जातं. दाह दबतो, रंग उतरतो, माणूस भुलतो. आपल्या देशात हे इतकं वाढलं की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेला त्याविरुद्ध वेगळी मोहीम काढावी लागली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची बंदी केली. तरी ती हातोहात फिरतात, हे तुझ्या पिशवीत मी पाहिलंच.

तेव्हा खोकं हातात घे आणि चष्म्यानं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी काही लिहिलंय का बघ. नावाच्या शेवटी सोन, सोल किंवा लोन आलं की थांबायचं आणि विचारायचं. चार-आठ दिवसच लावली असशील तर आजच बंद कर. महिना-दोन महिने झाले असतील तर माझ्यासारखी एकदम फेकून देऊ नकोस. ट्यूब, खोकं आणि पावती असेल तर तीही घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडं जा. ती हळूहळू कशी सोडवायची ते त्यांना माहीत असतं. आणि एक, तुझं बाळ पिताना गाल तुझ्या गालाला लावून झोपतं. तुझ्या चेहऱ्यावरचं मलम त्याच्या कातडीला लागतं. एवढं एकच कारण पुरे आहे.

ज्या क्रीमच्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटक लिहिलेले नाहीत, बॅच नंबर नाही, ती तर घरातच आणू नकोस. अकोल्यातल्या एका घरात आई आणि मुलींची मूत्रपिंडं एका गोरेपणाच्या क्रीमनं दुखावली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते क्रीम तपासलं तेव्हा त्यात पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला हे वर्तमानपत्रांत आलं होतं. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही तसेच रुग्ण सापडले. पारा रंग बनायची क्रियाच अडवतो, म्हणून चेहरा उजळतो, आणि मग रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. सौंदर्यप्रसाधनात नकळत मिसळलेला पारा दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त असू नये असा आपला नियम आहे. पण बिनपत्त्याच्या डबीला नियम कोण लावणार?

आता सावली. खरं औषध हे आणि ते फुकट आहे.

तुला वाटतं, राधानगरीत कुठलं ऊन? जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भोगावती दुथडी भरून वाहते. मलाही तसंच वाटायचं. पण ढग ऊब अडवतात, कातडी काळवंडवणारे किरण सगळे अडवत नाहीत. भाताच्या लावणीला बायका दिवसभर ओणव्या असतात, अंगावर ऊन लागत नाही म्हणून डोक्यावरचं ओलं इरलं उतरवून ठेवतात, आणि दिवाळीला वांग गडद झालेला दिसतो. मग म्हणतात, पावसाळ्यात कसा वाढला? इरलं पावसासाठीच आहे असं समजू नये. वांग आलेल्या बाईनं पाऊस थांबला तरी डोक्यावर काहीतरी ठेवावं.

घड्याळ नको, सावली बघ. तुझी सावली तुझ्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक, मग ते कितीही मऊ वाटो. लांब असेल तर जा बाहेर. वाळवण घालणं, भांडी घासणं, जनावरांना पाणी दाखवणं, ही कामं सावली लांब असताना उरकता येतात. सगळी येत नाहीत, हे मला माहीत आहे. तुझ्या सासरी उसाची भांगलण असते, मालक वेळ ठरवतो. तिथं आपल्या बायकांनी स्वतःच शोधलेला उपाय उत्तम आहे: साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, डोक्याला टॉवेल, वर टोपी. फक्त टॉवेल मागं बांधतात आणि गाल उघडे राहतात. कपड्याची पारख अशी करायची. तो उजेडासमोर धरायचा, आरपार दिसलं तर किरणही आरपार जातात. पातळ पांढऱ्या ओढणीपेक्षा घट्ट विणीचं गडद सुती कापड चांगलं. घामानं भिजलेलं सुती कापड आणखी पारदर्शक होतं, म्हणून दुपारी एक बदलायला ठेव. टोपीची झालर चार बोटं तरी रुंद हवी आणि ती पुढंच नाही, बाजूलाही हवी.

एसटीत खिडकीशी बसलीस तर काच लावली म्हणून निर्धास्त होऊ नकोस. भाजणारे किरण काच अडवते, पण काळवंडवणारे बरेचसे आत येतात. वांगाचं आणखी एक चमत्कारिक आहे. त्याला डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही चाळवतो. म्हणून डॉक्टर हल्ली रंग असलेलं सनस्क्रीन सांगतात. त्या तांबूस रंगात लोहाचा ऑक्साइड असतो, आपली माती ज्यानं तांबडी झालीय तोच. (पण म्हणून गेरू लावू नकोस, त्यात काय काय मिसळलेलं असतं कुणाला ठाऊक.) सनस्क्रीन घेतलंस तर एसपीएफ ३० किंवा वरचं, खोक्यावर यूव्हीएपासूनही संरक्षण लिहिलेलं, आणि अंगावर पाजतेस तोवर झिंक ऑक्साइडचं बरं. किती लावायचं? पहिल्या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढ, तेवढं चेहऱ्याला आणि गळ्याला. बायका मोहरीएवढं लावतात आणि म्हणतात, गुण येत नाही. बाहेर पडायच्या पाव तास आधी लाव, उन्हात असशील तर दोन-तीन तासांनी परत. पण ती ट्यूब महाग असते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपते, तेव्हा पैसे मोजकेच असतील तर पहिली खरेदी टोपीची कर. टोपी संपत नाही.

उन्हासारखाच जाळ. चुलीची धग थेट तोंडावर घेऊ नये. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं ढकलणाऱ्या गड्यांच्या गालावर मी वांग पाहिलाय, पुरुष असून. लोक म्हणायचे, हा काय बायकी रोग! रोगाला बाईमाणूस कळत नाही, त्याला धग आणि ऊन कळतं. तुझ्याकडं गॅस आहे, पण भाकरी करताना तोंड तव्यावर नेऊ नकोस, आणि उगाच तोंडाला वाफ घेऊ नकोस, ते पार्लरवाल्यांनी शिकवलेलं खूळ आहे.

गोळ्यांबद्दल तू मोकळेपणी बोलणार नाहीस म्हणून मीच बोलते. पाळणा लांबवायच्या संप्रेरकांच्या गोळ्यांनी वांग उठतो किंवा वाढतो. सरकारी माला-एनमध्येही तीच संप्रेरकं असतात, आणि तशीही ती अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने देत नाहीत. तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतरा इंजेक्शनमध्येही संप्रेरकच असतं, त्याबद्दल नर्सबाईला वांग आहे असं सांगूनच विचार. तांबी हा बिनसंप्रेरकाचा उपाय आहे. छाया नावाची गोळीही तशीच, पाजणाऱ्या बाईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्याला एक. यातलं काय घ्यायचं ते उपकेंद्रात बसून ठरव. पण एखादं साधन चालू असेल तर वांगाच्या भीतीनं मनानं बंद करू नकोस. दुसरं हाताशी आल्याशिवाय पहिलं सोडायचं नाही. चेहऱ्यावरचा डाग परवडला.

सगळे डाग वांग नसतात, हेही सांगून ठेवते, कारण आता तुझ्याकडं शेजारणी गाल दाखवायला येतील.

मानेवर, काखेत कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल तर ते मळ नव्हे, घासून जाणार नाही. ती पुष्कळदा साखरेच्या आजाराची आगाऊ चिठ्ठी असते, रक्त तपासायला लाव. पाठीच्या वरच्या भागावर, दंडावर मळकट लाटा दिसल्या तर विचार, आंघोळीला प्लॅस्टिकची घासणी वापरतेस का? ती सोडली की पुढं वाढत नाही. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरं पडलं तर टिकलीचा गोंद कारण असू शकतो. टिकली बंद करायची आणि डॉक्टरांना दाखवायचं, उशीर केला की ते पसरूही शकतं. केस काळे करायच्या रंगानं कपाळाची कड आणि कानापुढचा भाग काळा पडतो, आमच्या वयाच्या बायकांत फार. बोटांची पेरं काळी पडली आणि थकवा असेल तर बी-१२ कमी आहे का बघावं, आपल्याकडच्या माळकरी घरांत हे सापडतं. छातीपाठीवरची फिकट, बारीक खवल्यांची शिभं म्हणजे बुरशी, घामाच्या दिवसांत येते, औषधानं जाते, रंग परत यायला मात्र महिने लागतात. मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे बहुतेक कोरडेपणाचे असतात, जंतांचे नव्हेत.

आणि एक चट्टा कधीही दुर्लक्षू नकोस. फिकट किंवा तांबूस, जिथं स्पर्श कळत नाही. मी नोकरीत असताना डोळे मिटायला सांगायची आणि बॉलपेनचं टोक हलकं टेकवून विचारायची, कुठं टेकलं ते बोट ठेवून दाखव. दाखवता आलं नाही तर त्याच आठवड्यात दवाखाना. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस धडधाकट राहतो. लपवणाऱ्यांची बोटं गेलेली मी पाहिलीत.

तुझ्या वांगाचं डॉक्टर काय करतील? आधी नीट बघतील, कदाचित जांभळ्या प्रकाशाचा दिवा धरून रंग किती खोल आहे ते पाहतील. थायरॉइड तपासायला सांगितलं तर कटकट करू नकोस, त्याचा आणि वांगाचा संबंध आढळतो. तीन औषधांचं एक मलम असतं, त्याची कल्पना १९७५ मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी मांडली: रंग अडवणारं हायड्रोक्विनोन, कातडी लवकर नवी करणारं ट्रेटिनॉइन आणि दाह दाबायला थोडं स्टिरॉइड. होय, तेच स्टिरॉइड. पण मोजून, काही आठवडे, नजरेखाली. फरक औषधात नाही, हातात आहे. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं तर उलटतं, कातडी निळसर काळी होते. तू पाजतेस तोवर हे सगळं बहुधा ते पुढं ढकलतील, आणि ढकललेलं बरं. अझेलाइक आम्लाचं मलम त्यातल्या त्यात सौम्य, ते विचारून बघ. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची गोळी आम्ही जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांना देताना पाहायचो. १९७९ मध्ये जपानात दुसऱ्याच आजारासाठी ती दिलेल्या रुग्णाचा वांग फिकटला आणि तेव्हापासून ती वांगालाही वापरतात. पण जिच्या घरात रक्ताच्या गाठी व्हायचा इतिहास आहे तिला ती चालत नाही, आणि तुझ्या मामाच्या पायाचं तुला माहीत आहे. डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय ती गोळी तोंडात घालू नकोस. लेसरच्या जाहिरातींना भुलू नकोस, आपल्या वर्णाच्या कातडीवर तो कधी कधी डाग वाढवून जातो.

खाण्यानं वांग जात नाही. तरी नाचणी, पालेभाजी खा, ती रक्तासाठी, चेहऱ्यासाठी नव्हे. चेहरा साध्या पाण्यानं धू, पंच्यानं टिप, घासू नकोस. वरच्या ओठावर वॅक्स करत असशील तर सध्या थांबव.

तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या ते तुझ्या आईकडून कळलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. मला येऊ दे, मी बोलेन, आम्ही दोघी एका वयाच्या. बारशाच्या फोटोत तू मान वळवून उभी होतीस, तो फोटो पाहून मला वाईट वाटलं. पुढं ते बाळ मोठं होऊन आईचा चेहरा शोधेल त्या फोटोत. बाळंतपणाचा वांग बऱ्याच जणींचा वर्षभरात फिकट होतो, काहींचा राहतो. राहिला तर तो सांभाळायचा, दमा किंवा रक्तदाब सांभाळतो तसा: उन्हाळ्यात वाढेल, थंडीत कमी होईल. माझ्या गालावर अजून आहे, तुला कधी दिसला का?

रोज आरशात बघणं सोड. रोज बघितलं की रोज वाढल्यासारखा वाटतो आणि हात ट्यूबकडं जातो. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढ आणि मागच्याशी ताडून बघ.

गौरीला येशील तेव्हा ती ट्यूब खोक्यासकट आण. मी तुझ्यासाठी जुन्या गडद निळ्या लुगड्याची दुहेरी टोपी शिवायला घेतलीय, झालर चार बोटं, हनुवटीखाली नाडी. डोक्याचं माप मला पाठव. दोऱ्यानं घे, केसांच्या अंबाड्यावरून, कारण टोपी अंबाड्यावर बसली नाही तर तू ती दुसऱ्या दिवशी खुंटीला लावशील.